गैरहजर घरांची यादी

पेणहून निघताना मी स्टेशनजवळच्या दुकानातून निळं स्टॅम्पपॅड घेतलं. दुकानदार ओळखीचा. ऑफिसातलं संपलं का, म्हणाला. मी हो म्हटलं. खोटं बोलायची मला आता चांगली सवय झाली आहे, चेहऱ्यावर काही दिसत नाही. ते पॅड पुतळीकाकीच्या अंगठ्यासाठी होतं. काकी सध्या रोह्याला, पुलापलीकडे अष्टमी गावात लेकीकडे आहे, खुब्याचं हाड मोडलं म्हणून. ते कसं मोडलं हे गावाला एका तऱ्हेने माहीत आहे आणि मला दुसऱ्या तऱ्हेने, आणि माझी तऱ्हा मी तोवर कुणाला सांगितली नव्हती.

आधी माझं काम काय ते सांगते. लोक मुलींसाठी स्थळं शोधतात तशी मी आमच्या संस्थेसाठी फाउंडेशनं शोधते. कोण कुठलं, कशावर खूश होतं, लहान संस्थेला दारात उभं करतं की नाही, शेवटची तारीख कोणती. काही फाउंडेशनं फक्त जंगलाला पैसे देतात, काही फक्त पक्ष्यांना, काही बोलावल्याशिवाय अर्जच घेत नाहीत. आमचं ऑफिस पेणला एका गोदामाच्या वर आहे. खाली हमरापूरहून आलेल्या गणपतीच्या मूर्ती ठेवतात, त्यामुळे वर्षातले सहा महिने रंगाचा वास. त्या वासात बसून मी आणि संस्था चालवणारा निलेशदादा जगभरच्या श्रीमंतांच्या मनात निसर्गाबद्दल यंदा काय आलंय ते वाचत असतो. एका वर्षी सगळ्यांना झाडं लावायची होती. पुढच्या वर्षी सगळ्यांना महिला हव्या होत्या. मग 'निसर्गाधारित उपाय' हा शब्द आला आणि आमच्या गावाचा मातीचा बांध, ज्याला माझ्या आजोबांच्या आजोबांनी हात लावलाय, एका रात्रीत नवा उपाय झाला. मी हसले होते तेव्हा. आणि लगेच अर्ज भरायला बसले होते.

गावाचं नाव इथे लिहीत नाही. अहवालांत ते इतक्यांदा वापरून झालंय की पुन्हा लिहायला हात धजत नाही. गाव खारेपाटातलं. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला भातशेती, मध्ये बांध. बांध आहे तोवर शेती आहे. उधाणाच्या भरतीने बांधाला खांड पाडली की खारं पाणी आत शिरतं आणि ते शेत पुढची काही वर्षं मेलं म्हणून समजायचं. कागदावर हा बांध कोणाचा, हा वाद माझ्या जन्माआधीपासून चालू आहे. प्रत्यक्षात तो जोळेचा आहे.

जोळ म्हणजे प्रत्येक घरातून एक माणूस. ओहोटी लागली की सगळे बांधावर जमतात, खाडीच्या तळातली चिकण माती फावड्याने कापून तिच्या ढेपा करतात आणि त्या वाहून खांडीत भरतात. मजुरी नाही, मुकादम नाही. पहिला फेरा मात्र ठरलेला. त्यात प्रत्येक घराची एकेक ढेप पडते आणि टाकणाऱ्याने त्या घराचं नाव घ्यायचं. सगळ्या घरांच्या ढेपा पडल्याशिवाय पुढचं काम सुरू होत नाही. ज्या घरातून यायला कुणी नाही, कुणी आजारी आहे, कुणी मुंबईला आहे, एखादी बाई एकटी आहे, त्या घराची ढेप शेजारी टाकतो आणि नाव त्या घराचंच घेतो. त्यामुळे आमच्या जोळेत आजवर एकही घर कधी गैरहजर नव्हतं. हे एवढंच वाक्य मी अर्जात लिहिलं असतं तरी पुरलं असतं. पण त्याला रकाना नव्हता.

माझे बाबा, जनू, जोळेची हाक द्यायचे. पुतळीकाकी आमची शेजारीण, घराने आणि शेतानेही. तिचा नवरा गेला तेव्हा तिची मुलगी नम्रता सातवीत होती. तेव्हापासून काकीच्या घराची ढेप बाबा टाकायचे. मी लहानपणी बघितलंय. आधी आमची टाकायचे, मग पाठ ताठ करून दुसरी उचलायचे. सहा वर्षांपूर्वी बाबा गेले. हाक द्यायचं काम मिथुनकडे आलं, आमचं शेतही तोच अर्धेलीने करतो. आईला घेऊन मी पेणला राहायला आले आणि गावातल्या घराला कुलूप लागलं.

तर अर्ज. बंगळुरूच्या एका फाउंडेशनला किनाऱ्याची गावं हवी होती. बांध गावाने राखायचा, बांधाबाहेर तिवरांचा पट्टा वाढवायचा, म्हणजे भरतीचा मार कमी होईल, अशी योजना मी लिहिली आणि ती खरी होती. त्यात खोटं काही नव्हतं, हे मला पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं. फॉर्ममध्ये एक प्रश्न होता, गावातली किती घरं प्रत्यक्ष सहभागी होतील? उत्तरात एक आकडा अपेक्षित होता. चौसष्ट. बस. काम संपलं असतं.

पण मला आकड्यावर थांबवेना. इतकी वर्षं अर्ज लिहून मला एवढं कळलंय की आकडा सगळेच देतात, पुरावा कुणी देत नाही. म्हणून पहिल्या टप्प्याचं काम मंजूर झालं आणि मार्गशीर्षात पहिली जोळ लागली, तेव्हा मी सगळ्या घरांची यादी केली. घराचं नाव, आलेल्या माणसाचं नाव, सही किंवा अंगठा. आलेल्यांची ओळ हिरवी, न आलेल्यांची लाल. सत्तावन्न हिरवी, सात लाल. यादीची एक प्रत मी फाउंडेशनला पाठवली आणि एक समाजमंदिराच्या भिंतीवर चिकटवली, पारदर्शकता म्हणून. ही पारदर्शकता माझ्याकडे कुणीही मागितली नव्हती.

त्या दिवशी पहिल्या फेऱ्यात मिथुनने किती ढेपा टाकल्या ते मी मोजलं नाही. मी फोटो काढत होते.

फाउंडेशनचा अधिकारी ऋत्विक, तरुण आणि भला मुलगा. त्याचं उत्तर आलं की इतकी नीट यादी त्यांना आजवर कोणत्याच संस्थेकडून मिळाली नव्हती. निलेशदादाने ते पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. मी दिवसभर हवेत होते.

पुढच्या रविवारी गावात गेले तर पुतळीकाकी समाजमंदिराच्या भिंतीसमोर उभी. तिला वाचता येत नाही. मला बघून तिने जवळ बोलावलं.

"माझा नाव कुठं हाय गो?"

मी बोट ठेवलं. तिने ओळीवर हात फिरवला, मग वरच्या आणि खालच्या ओळीवर.

"ह्या सगल्या हिरव्या. माझी लाल कशाला?"

जे आले नाय त्यांची लाल, मी म्हटलं. नुसता कागद हाय काकी, मनावर नको घेऊ.

"माझी ढेप पडली व्हती. मिथुनने टाकली. नाव पण घेतला, मी घराशी बसून ऐकला."

आता यावर मी काय बोलायला हवं होतं ते मला माहीत आहे. तेव्हा मला परतीची रिक्षा पकडायची होती. मी म्हटलं, "पडली गो. पण कागदावर माणूस लागतो."

ती बरा म्हणाली आणि घराकडे वळली. मी रिक्षात बसून पुढच्या तिमाहीच्या अहवालाचा विचार करत पेणला आले. मला काहीही जाणवलं नाही, हेही लिहून ठेवते.

होळीच्या आधीचं उधाण मोठं असतं. त्याच्या चार दिवस आधी उघाडीजवळ, म्हणजे पाणी सोडायच्या दाराजवळ, बांध खचलेला दिसला आणि मिथुनने हाक दिली. सकाळची ओहोटी. मी कॅमेरा घेऊन हजर होतेच. माणसं जमत होती, आणि त्यांच्या मागून, लुगडं वर खोचून, डोक्यावर चुंबळ ठेवून पुतळीकाकी येताना दिसली. एकाहत्तर वर्षांची बाई. मिथुन तिला म्हणाला, काकी, तू बस, मी टाकतो की. ती म्हणाली, बसले लय वर्सां. सगळे हसले. मीही हसले. खरं सांगायचं तर मी खूश झाले. मनात म्हटलं, यादीचा उपयोग झाला बघा.

पहिली ढेप तिने घमेल्यातून नेऊन टाकली आणि 'माझ्या घराची' म्हणाली. नवऱ्याचं नाव ती घेत नाही. माणसांनी तिला वाट दिली, सीताबाईने तिचा हात धरून तिला बांधावरून खाली उतरवलं. तिथे ती थांबेल असं सगळ्यांना वाटलं होतं. पण ती पुन्हा मातीकडे गेली, तिने दुसरी ढेप भरून घेतली, घमेलं डोक्यावर घेतलं आणि उताराला लागली. मला वाटलं म्हातारीला हुरूप आलाय. उन्हं तिच्या तोंडावर होती, मागे तिवरं, डोक्यावर काळीभोर ओली माती. असा फोटो रोज मिळत नाही. पण ती खाली बघून चालत होती. खाली बघूनच चालायला हवं होतं, तो उतार शेवाळाचा.

मी हाक मारली, "काकी, इकडं बघ!"

तिने वर बघितलं. हसलीसुद्धा. मी बटण दाबलं, आणि पडद्यावर फोटो कसा आलाय ते बघायला मान खाली घातली. ओरडा ऐकू आला तेव्हा मी फोटोच बघत होते.

तिला फळीवर घालून बांधावरून रस्त्यापर्यंत आणली, तिथून पेणला, मग लेकीने रोह्याला नेली. खुब्यात सळई घातली. गावात सगळे म्हणाले, शेवाळावरून पाय सटकला, त्या वयात यायलाच नको होतं. माझी हाक कुणी ऐकली नव्हती असं नाही. पण फोटोसाठी हाका मी दिवसभर सगळ्यांनाच मारत होते, त्यातली एक कुणाच्या लक्षात राहणार? खांड त्या दिवशी भरली गेली. उधाण आलं आणि गेलं, बांध टिकला.

मी काकीला बघायला दोनदा जाणार होते. एकदा अहवालाची तारीख आली, एकदा आईला बरं नव्हतं. खरं कारण मला ठाऊक आहे, तुम्हालाही कळलं असेल.

अहवालात तो फोटो मी घातला. घातला नसता तरी चाललं असतं, माझ्याकडे दोनशे फोटो होते. पण हा सगळ्यांत चांगला होता. खाली ओळ लिहिली, 'जोळेत सहभागी ज्येष्ठ महिला शेतकरी'. पडल्याचं लिहिलं नाही. आठ दिवसांत ऋत्विकचं पत्र आलं. विश्वस्तांना फोटो फार आवडला होता, त्यांच्या वार्षिक पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर तो घ्यायचा होता, आत या आजींची गोष्ट एक पान. दुसऱ्या टप्प्याचा निर्णय त्याच महिन्यात व्हायचा होता. दुसऱ्या टप्प्यात उघाडीची नवी दारं होती. जुनी लाकडं कुजलीत, पुढच्या मोठ्या उधाणाला ती धरतील असं मिथुनलाही वाटत नाही. निलेशदादा म्हणाला, मृणाली, हे झालं म्हणजे झालंच समज. फक्त आजींचं संमतीपत्र लागेल, सही किंवा अंगठा.

म्हणून स्टॅम्पपॅड.

दुपारची गाडी मोकळी होती. कासू गेलं, नागोठणं गेलं. मी पिशवीतून संमतीपत्र दोनदा काढून वाचलं आणि काकीला आधी सगळं सांगायचं, मग अंगठा मागायचा, असं ठरवलं. रोह्याला उतरून रिक्षा केली. कुंडलिकेच्या पुलावर येईपर्यंत माझं ठरवणं उलटं झालं होतं. आधी अंगठा, मग बघू.

दार नम्रताने उघडलं. नवरा कंपनीत रातपाळी करून आतल्या खोलीत झोपला होता, म्हणून तिने बोटाने हळू बोल अशी खूण केली. चहा ठेवताना म्हणाली, फोटो छान आला म्हणे. मी पिशवी खाली ठेवली. ती म्हणाली, आईला या वयात हजेरीची शिस्त लागली, चांगला झाला. तिने आवाज चढवला नाही, त्यामुळे ते जास्त लागलं.

काकी खिडकीपाशी खाटेवर बसली होती. पाय लांब केलेला, बाजूला चार पायांची काठी. ती वाळली होती. मला बघून तिला आनंद झाला, अगदी खरा आनंद, आणि मला तो बघवेना. आईची चौकशी केली. मिथुनच्या पोरीचं लग्न ठरलं का विचारलं. मग म्हणाली, "तुझा कागद खराब केला गो मी. काम थांबला आसंल माझ्यामुलं."

नाही थांबलं, मी म्हटलं. खांड भरली, बांध चांगला आहे. तिला फार बरं वाटलं. त्या बरं वाटण्याचा फायदा घेऊन मी फोटो दाखवला, पुस्तिकेचं सांगितलं, कागद काढला. तिने फोटो डोळ्यांजवळ धरला. म्हातारी दिसते मी, म्हणाली आणि हसली. बांधाला फायदा होईल का, एवढं एकच तिने विचारलं. होईल, मी म्हटलं. तिने अंगठा पुढे केला. मी तो पॅडवर धरला, कागदावर टेकवला. तिचा अंगठा थंड होता. अंगठा उठला, ठसा स्वच्छ आला. मी रुमालाने तिची शाई पुसायला लागले आणि पुसता पुसता माझा हात थांबला. आता उठून गाडी गाठता आली असती. माझं काम झालं होतं.

मी सांगितलं. तोंड वर न करता, तिचा अंगठा हातात धरूनच. म्हटलं, काकी, ती यादी कुणी मागितली नव्हती. फाउंडेशनने नाही, निलेशदादाने नाही. त्यांना नुसता आकडा पाहिजे होता. लाल रंग माझ्या डोक्यातून आला. तुझी ढेप पडली होती, तू हजर होतीस, मीच तुला गैरहजर केलं. आणि त्या दिवशी उतारावर तू खाली बघत होतीस. मी हाक मारली म्हणून वर बघितलंस. फोटोसाठी. शेवाळाने नाही पाडलं तुला, मी पाडलं.

दारात नम्रता उभी होती. तिने ऐकलं असणार. ती आत येईल, मला हाताला धरून बाहेर काढेल असं वाटलं. ती कप तसेच हातात घेऊन तिथेच उभी राहिली.

काकी रुमालाला लागलेल्या शाईकडे बघत होती. मग तिने विचारलं,

"तुमच्या घराच्या पुढं काय लिवलंस?"

हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी स्वतःला तर नाहीच नाही. चौसष्ट घरांत आमचं कुलूपबंद घर एक होतं, आणि त्याच्या ओळीत मी माझं नाव घालून सही केली होती. दोन्ही जोळांच्या याद्यांत. कॅमेरा गळ्यात, पाय कोरडे, पण होते तर मी तिथेच.

"हजर," मी म्हटलं. "हिरवं."

तिने मान हलवली. मला वाटलं, आता बोलेल. टोमणा तरी मारेल. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, काळजी होती, आणि ती कशाची ते मला कळेना.

"मंग ता खोटा नको व्हायला," ती म्हणाली. "माझी पयली पडली, ता मी बघितला. दुसरी तुमची व्हती. जनूभावोजींनी माझी इतकी वर्सां टाकली, एकदा बोलून दाखवला नाय कंदी. म्हटला, आपन आलोय तर एक त्यांच्या घराची टाकू. नाव घ्यायच्या आधीच पाय गेला." ती थोडी पुढे झुकली. "मृणाली, तू तिथं व्हतीस. ढेप बांधाव पडली का खाली पान्यात गेली? माना दिसला नाय. हितं पडून पडून तोच इचार येतो."

मला दिसलं नव्हतं. मी पडद्यात बघत होते. पण ओरडा झाल्यावर मी धावले तेव्हा घमेलं उताराच्या पायथ्याशी उपडं पडलेलं होतं आणि त्याच्या पलीकडे गढूळ पाणी. हो म्हणणं सोपं होतं. तिला शांत झोप लागली असती.

"पाण्यात गेली, काकी."

"आसा," ती म्हणाली. खिडकीबाहेर बघितलं. मग म्हणाली, "येत्या जोळंला टाक तर."

नम्रताने कप खाली ठेवले. चहा निवून गेला होता. तो मी तसाच प्यायले, कारण दुसरा करून देते असं ती म्हणाली नाही आणि मागायला मला तोंड नव्हतं.

संमतीपत्र मी पाठवलं नाही. ऋत्विकला पत्र लिहिलं, फोटो वापरू नका, ही बाई या फोटोच्या पुढच्या क्षणाला पडली आणि ती तिथे का आली ते हे असं. यादीचंही लिहिलं. पत्र पाठवून झाल्यावर निलेशदादाला दाखवलं. तो उघाडीच्या दारांचं काय करायचं ते आता तूच सांग गावाला, म्हणाला. त्याचंही चुकलं नाही. काकीने अंगठा दिला होता तो बांधाला फायदा व्हावा म्हणून, आणि मी माझं मन हलकं करायला तो पिशवीत ठेवून दिला. यातलं बरोबर काय हे मला अजून नीट कळलेलं नाही. ऋत्विकचं उत्तर सभ्य आलं. आजींना लवकर बरं वाटो, निर्णय विश्वस्तांकडे आहे, आणि अंतिम अहवालात 'आलेल्या अडचणी आणि शिकवण' असा रकाना आहे, त्यात हा अनुभव जरूर लिहावा, शब्दमर्यादा दोनशे. तो रकाना मी रिकामा सोडलाय. निर्णय अजून आलेला नाही.

समाजमंदिराच्या भिंतीवरची यादी काढायला गेले तर ती आधीच कुणीतरी काढली होती. चिकटपट्टीचे चार तुकडे तेवढे राहिले होते. मी नखाने खरवडून काढले.

वैशाखात पुन्हा जोळ लागली. आईने सकाळी विचारलं, कॅमेरा विसरलीस का. नाही, म्हटलं. बांधावर मी पोचले तेव्हा माणसं जमली होती. मिथुनने माझ्याकडे, मग माझ्या रिकाम्या गळ्याकडे बघितलं आणि फावड्याने एक ढेप कापून पुढे सरकवली. लहान काप, असं सांगणार होते, पण सगळ्यांच्या तेवढ्याच होत्या. मी ती घमेल्यात घेतली. चिखलात पाय पोटरीपर्यंत रुतत होता. उताराच्या मध्यावर मला घमेलं टेकवावं लागलं, थोडं पुढे पुन्हा एकदा. मागच्यांनी घाई केली नाही. वर पोचून मी ढेप खांडीत टाकली आणि पुतळीकाकीच्या घराची, म्हणाले. मोठ्याने नाही, पण जवळच्यांनी ऐकलं.

मग बाबांच्या नावाची आणायला खाली उतरले. पाठीत कळ आली होती, आणि माझं वय छत्तीस आहे. काकीचं एकाहत्तर. मी हाक मारली तेव्हा तिच्या डोक्यावर दुसरी ढेप होती, आमची, आणि ती हसली होती.

खाली उभी राहून मी उताराकडे बघत होते. मिथुन म्हणाला, दे, मी टाकतो जनूकाकाची, दर जोळेला मीच टाकतो. मी नको म्हटलं आणि ढेप भरून घ्यायला घमेलं पुढे केलं.